गायब झालेला अल्बम पुन्हा चढवताना

२०२२च्या जूनमध्ये साताऱ्याहून एका बाईंचा मेसेज आला. "दादा, तुमचं ते पावसाचं गाणं दिसत नाहीये. काढून टाकलंत का?" मी काही काढलं नव्हतं. फोनवर शोधलं तर गाणंच काय, अख्खा अल्बम नव्हता. स्पॉटिफायवर माझ्या नावाच्या पानावर एकच गाणं उरलं होतं आणि तेही माझं नव्हतं. माझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचं वरातीतलं डीजे गाणं होतं ते.

झालं होतं ते असं. आम्ही २००८ साली नऊ गाण्यांची सीडी काढली, १,००० प्रती. त्यातल्या ३४० अजून माझ्या पलंगाखाली आहेत. २०१४मध्ये तीच गाणी एका ऑनलाइन डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी स्ट्रीमिंग सेवांकडे पोचवणारी कंपनी) जगभर टाकली. त्यांची वार्षिक वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जायची. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दलचा नियम लागू झाला आणि परदेशी कंपन्यांच्या कितीतरी वर्गण्या भारतीय कार्डांवरून कापल्या जाईनाशा झाल्या. माझीही राहिली. इशाऱ्याची तीन ईमेल गेली ती मी कधीच सोडून दिलेल्या आयडीवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी होती.

अल्बम परत चढवायला पाच महिने लागले. त्यातलं प्रत्यक्ष अपलोडचं काम एका संध्याकाळचं होतं, बाकी सगळा वेळ जुनी कागदपत्रं, जुने नंबर आणि जुनी माणसं शोधण्यात गेला. तुमचंही असंच होणार आहे, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय.

आधी गाण्यांचे नंबर शोधा

प्रत्येक रेकॉर्डिंगला एक बारा अक्षरी नंबर असतो, आयएसआरसी. पहिली दोन अक्षरं देशाची (भारताची आय आणि एन), पुढची तीन नंबर देणाऱ्याची, मग सालाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकडे. भारतात हे नंबर इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, पण बहुतेक स्वतंत्र कलाकारांना तो डिस्ट्रिब्युटरकडूनच मिळालेला असतो आणि आपण त्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. मीही पाहिलं नव्हतं.

पुन्हा प्रकाशित करताना सगळं या नंबरावर अडतं. तेच रेकॉर्डिंग त्याच आयएसआरसीने परत गेलं, तर स्ट्रीमिंग सेवा त्याला जुनं गाणं म्हणून ओळखते आणि जुने प्ले परत जुळण्याची शक्यता चांगली असते. नवा नंबर घेतलात की गाणं शून्यापासून सुरू. लोकांनी केलेल्या प्लेलिस्टमधली त्याची जागाही मग गेलीच समजा.

नंबर कुठे मिळेल? सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे डिस्ट्रिब्युटरने पाठवलेले जुने विक्री अहवाल. ती कंटाळवाणी एक्सेल फाइल, ज्यात 'स्लोव्हाकिया, ३ प्ले' असलं काहीतरी लिहिलेलं असतं, तिच्यात गाण्याच्या नावाशेजारी आयएसआरसीचा रकाना असतोच. अहवाल हरवले असतील तर रेकॉर्डिंग उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआय हिचं आयएसआरसी शोधायचं संकेतस्थळ आहे. कलाकाराचं आणि गाण्याचं नाव टाकून तिथे शोधता येतं. मला नऊपैकी सात नंबर अहवालांत मिळाले, उरलेले दोन तिथे. गाण्याचं स्पेलिंग मी २०१४मध्ये काय केलं होतं हे आठवेना, म्हणून त्या दोघांत एक रविवार गेला.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरने नंबर दिला म्हणून गाणं त्याचं होत नाही. नंबर ही रेकॉर्डिंगची ओळख आहे, मालकीचा पुरावा नाही. तोच नंबर घेऊन तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकता. फक्त अपलोडच्या फॉर्ममध्ये 'माझ्याकडे आधीचा आयएसआरसी आहे' हा पर्याय शोधून भरावा लागतो. तो भरला नाही तर यंत्रणा गुपचूप नवा देऊन टाकते.

दुसरा नंबर यूपीसी, म्हणजे अख्ख्या अल्बमचा बारकोड. त्यासाठी जीव काढू नका. काही कंपन्या जुना स्वीकारतात, काही स्वतःचाच देतात. मला नवा मिळाला आणि काही बिघडलं नाही.

हक्क कुणाचे, हे कागदावर आणा

'माझंच तर गाणं आहे' असं वाटत असतं. एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. रेकॉर्डिंग सहसा त्याचं, ज्याने ते करून घ्यायचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. याशिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून स्वतःचा हक्क असतो. स्टुडिओचे पैसे मी दिले होते आणि चाली माझ्या होत्या, तेव्हा दोन गोष्टींची काळजी नव्हती. शब्द मात्र काकांचे होते. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या मागच्या बोळात राहायचे. २०१६ साली गेले. आमच्यात कधी कागद झालाच नव्हता. "तू चाल लाव, मग चहा पाज," एवढाच करार.

तोंडी परवानगीवर गाणं चालतं, वारसांच्या बाबतीत चालत नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांचा हक्क वारसांकडे असतो आणि वारस एकापेक्षा जास्त असतील तर सही सगळ्यांची लागते. मी एका पानाचं पत्र मराठीतच लिहिलं. कोणती गाणी (नावं आणि पहिल्या ओळी), कशासाठी परवानगी (स्ट्रीमिंग, डाउनलोड, व्हिडिओ), किती वर्षं, कोणत्या देशांत आणि रेकॉर्डिंगच्या पैशांतला किती टक्के वाटा त्यांचा. वर्षं आणि देश हे दोन मुद्दे गाळायचे नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १९ नुसार, हक्क दुसऱ्याला लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

काकूंनी ते पत्र भिंग घेऊन वाचलं. पैशांच्या ओळीवर काही बोलल्या नाहीत. गीतकाराच्या नावापुढे मी 'कै.' लिहिलं होतं, तिथे बोट ठेवलं. "हे काढ रे. त्यांना नुसतं नाव आवडायचं." काढलं. पुढे फॉर्म भरताना कळलं की नावाच्या रकान्यात उपाध्या बहुतेक डिस्ट्रिब्युटर घेतच नाहीत. काकूंनी माझा एक फेरा वाचवला.

हेच कलम १९ उलट्या बाजूनेही कामाला येतं. २००८मध्ये एका सीडी कंपनीला आम्ही वितरणासाठी एका पानाचं पत्र लिहून दिलं होतं. त्यात 'सर्व हक्क' असं भारदस्त काहीतरी होतं, मुदत नव्हती. वकील मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणाली की मुदतच लिहिलेली नाही, म्हणजे पाच वर्षं, ती २०१३मध्ये संपली. तुमच्याकडे असं जुनं पत्र असेल तर फेकू नका आणि स्वतः अर्थही लावू नका. तासाभराची वकिलाची फी द्या. पत्रात 'कायमस्वरूपी' हा शब्द असेल तर गोष्ट वेगळी होते.

वादकांची लेखी संमती घ्या, मग मित्र असोत वा नसोत. आमच्या तबलजींनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. मी म्हटलं, "पंडितजी, अंगठा नको, सही हवी." ते हसले, पण सही दिली. नंतर त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा एकमेकांना ओळखत असतील की नाही, कुणास ठाऊक.

जुन्या कविता आणि अभंगांना चाल लावणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहितो, कारण मराठीत हे प्रकरण फार येतं. संतांच्या रचनांवर कुणाचा हक्क नाही. बालकवी १९१८ साली गेले, भा. रा. तांबे १९४१ साली, त्यांचे शब्द मोकळे आहेत. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९च्या अखेरपर्यंत. 'सगळेच म्हणतात की' हे कारण डिस्ट्रिब्युटरच्या तक्रार विभागाला सांगून उपयोग नसतो. आणि शब्द मोकळे असले तरी दुसऱ्याने त्यांना लावलेली चाल मोकळी असते असं नाही. आमच्या अल्बममध्ये तुकोबांचा एक अभंग आहे, चाल माझी. म्हणून गीतकार तुकाराम, शब्द सार्वजनिक मालकीचे आणि संगीतकार मी, असं भरलं.

मग उसने आवाज. आमच्या पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला तुळशीबागेतल्या देवळाची घंटा आहे, ती मीच टेपरेकॉर्डरवर घेतलेली. ती चालते. तिच्या मागोमाग आकाशवाणीवरच्या निवेदनाचा १२ सेकंदांचा तुकडा होता. २००८मध्ये आम्हाला ते फार कलात्मक वाटलं होतं! परवानगी घेतलेली नव्हती. कापून टाकला. रेकॉर्डिंग बदललं, म्हणून त्या एका गाण्याला नवा आयएसआरसी घेतला आणि त्याचे जुने प्ले गेले. होते ते जेमतेम ६००.

मास्टर कुठून घ्यायचं

मास्टर म्हणजे गाण्याची अंतिम, पक्की फाइल. स्टुडिओने त्याची दिलेली डीव्हीडी मिळाली, वाचली जाईना. घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षांनी खराब होतो, त्यात पुण्याचा पावसाळा. न्यूएंडो या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल एका हार्डडिस्कवर सापडली, पण त्या वेळचे प्लगइन (आवाजावर संस्कार करणारे जोड-प्रोग्राम) आजच्या संगणकावर उघडेनात. आवाज होते, त्यांच्यावरचा सगळा मुलामा गायब. शेवटी आधार पलंगाखालच्या सीडींचाच. कारखान्यात छापलेली सीडी घरी लिहिलेल्या डिस्कपेक्षा खूप टिकते आणि तिच्यातला आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ असतो. स्ट्रीमिंगला तेवढा पुरेसा आहे.

फक्त ती नीट उतरवा. साध्या प्लेअरने एमपी३ करून ते चढवू नका. सेवा त्याला पुन्हा दाबणार, मग झांजांचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं. ते शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि वेव्ह फाइल देतं. आपली नक्कल बरोबर आहे का, हे ते जगातल्या इतर लोकांच्या नकलांशी ताडूनही बघतं, पण आमची सीडी जगात दुसऱ्या कुणी उतरवलेली असणार कशी? म्हणून दोन वेगळ्या, न उघडलेल्या सीडी घेतल्या, दोन्ही उतरवल्या आणि एडिटरमध्ये एकाखाली एक ठेवल्या. खालच्या फाइलची लाट उलटी केली आणि दोन्ही एकदम वाजवल्या. दोन्ही नकला तंतोतंत सारख्या असतील तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. नऊच्या नऊ गाण्यांत स्पीकरमधून काहीच आलं नाही. स्वतःचं गाणं ऐकू न आल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. (सुरुवात एक-दोन सॅम्पलनी मागेपुढे असेल तर आधी ती जुळवा, नाहीतर उगाच घाबराल.)

आता रीमास्टर, म्हणजे जुन्या मास्टरच्या आवाजावर नव्याने काम, करायचं का? प्रत्येकाला करावंसं वाटतं. माझं मत असं की आधी मूळ मास्टर जुन्या नंबरावर परत आणा, मग हौस भागवा. रीमास्टर म्हणजे नवं रेकॉर्डिंग धरून नवा आयएसआरसी घेणं योग्य, आणि मग जुन्या आकड्यांवर पाणी. आमच्या पावसाच्या गाण्याचे ४१,००० प्ले होते. माझ्यासारख्याला ते बरेच आहेत. 'हल्लीच्या गाण्यांपुढे आपलं हळू वाटेल' ही भीतीही काढून टाका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) या पातळीवर आणतं, ॲपल उणे १६वर. २००८च्या फॅशनप्रमाणे आमची सीडी उणे ९पर्यंत ठोकलेली होती, तिला स्पॉटिफाय पाच डेसिबलने खाली आणतं. आणखी ठोकली असती तर आणखी खाली आणलं असतं. मास्टर करायचंच असेल तर दाबलेलं मोकळं करण्यासाठी करा आणि आवाजाचं शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

कॅसेटवरून आणायचं असेल तर काम वाढतं. काकांच्या आवाजातलं कवितावाचन माझ्याकडे कॅसेटवर होतं, फितीवर पांढरी बुरशी. तपकीर गल्लीत एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे डेक नेला. त्यांनी हेडशेजारचा एक बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि काकांचे 'स' आणि 'श' एकदम वेगळे ऐकू यायला लागले. हेडचा तो कोन प्रत्येक कॅसेटसाठी कानाने लावावा लागतो, कारण ज्या यंत्रावर ती भरली त्याचा कोन वेगळा असतो. आवाज संगणकावर घेतल्यानंतर हे नीट सुधारता येत नाही. बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये थेट घालू नका, बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. ते वाचन अल्बममध्ये बोनस म्हणून घालायचा मोह झाला होता. गाण्यांची यादी बदलली की तो वेगळा अल्बम होतो, म्हणून ते नंतर एकटंच प्रकाशित केलं, काकूंची वेगळी परवानगी घेऊन.

डिस्ट्रिब्युटर

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. प्रकार दोनच: दर वर्षी पैसे भरायचे आणि मिळकत पूर्ण आपली (डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर), किंवा एकदाच पैसे भरायचे आणि मिळकतीतला वाटा त्यांना द्यायचा (सीडी बेबी ९ टक्के घेते). तुम्ही दर वर्षी नवं काहीतरी काढत असाल तर पहिला प्रकार परवडतो. एकच जुना अल्बम असेल आणि पुढे विसरण्याची सवय असेल, तर दुसरा. मी पहिला घेतला, कारण नवी गाणी येणार होती. तीन प्रश्न मात्र आधी विचारून उत्तर लेखी घ्या: जुना आयएसआरसी चालेल का, वर्गणी थकली तर गाणी किती दिवसांनी उतरतात आणि जिओसावन, गाना यांच्याकडे पाठवता का.

सेवा बंद पडतात हेही धरून चाला. मी चढवलं तेव्हा रेसो आणि विंक दोन्ही होते. २०२४मध्ये दोन्ही बंद झाले.

फॉर्म भरताना

घाई इथेच नडते. चार गोष्टींवर वेळ घाला.

नावाचं स्पेलिंग. मराठी ऐकणारेसुद्धा शोधताना बहुधा रोमन लिपीत टाइप करतात. 'पाऊस' रोमनमध्ये पी-ए-यू-एस लिहिता येतो, पी-ए-ओ-ओ-एस लिहिता येतो आणि मी २०१४मध्ये पी-ए-यू-यू-एस लिहिला होता. जुने आकडे हवे असतील तर जुनं स्पेलिंग, चुकीचं वाटलं तरी, तेच ठेवा. शीर्षक, कलाकाराचं नाव आणि गाण्याची लांबी जितकी तंतोतंत तितकी जुळणी सोपी. पहिल्यांदाच चढवत असाल तर एक पद्धत ठरवा आणि नऊच्या नऊ गाण्यांना तीच लावा. देवनागरी शीर्षकाची सोय फॉर्ममध्ये असेल तर तेही भरा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. अनेकांचं चुकून हिंदी राहतं आणि मग गाणं भलत्याच गाण्यांच्या शेजारी वाजतं.

कलाकाराचं पान. फॉर्ममध्ये 'तुम्ही यातले कोण?' असं विचारतात, तिथे आपल्या जुन्या पानाची लिंक द्या. 'नवा कलाकार' निवडलंत तर दुसरं पान तयार होतं आणि काहीच निवडलं नाहीत तर तुमचा अभंग डीजेवाल्याच्या पानावर जातो.

तारखा. 'मूळ प्रकाशन तारीख' असा वेगळा रकाना असतो, तिथे २००८ची खरी तारीख. आजची तारीख घालून जुनं गाणं नवं म्हणून दाखवायचा मोह होतो, पण स्वतःचा इतिहास कशाला खोडायचा? गोलातल्या 'पी'पुढे रेकॉर्डिंग पहिल्यांदा प्रकाशित झालं ते साल आणि मालकाचं नाव, गोलातल्या 'सी'पुढे कव्हर वगैरेचं. कापलेल्या पाचव्या गाण्याला 'पी'चं साल मी २०२२ दिलं.

श्रेय. गीतकार, संगीतकार, तबला, बासरी, ध्वनिमुद्रण, सगळ्यांची नावं त्यांना विचारून भरा. आमच्या तबलजींचं नाव सीडीवर एका तऱ्हेने होतं, त्यांच्या आधार कार्डावर दुसऱ्या आणि इतरांच्या अल्बममध्ये तिसऱ्या. फोन करून विचारलं तर म्हणाले, "जे पासबुकावर आहे ते लिही, पैसे आले तर तिथेच येतील."

कव्हर चौकोनी हवं, ३००० बाय ३००० पिक्सेल. आमच्या सीडीच्या कव्हरवर किंमत, दुकानाचा फोन नंबर आणि त्या कंपनीचा शिक्का होता. हे तिन्ही चालत नाहीत. छायाचित्रकार मित्राकडे मूळ निगेटिव्ह होती म्हणून निभावलं. छायाचित्राचीही परवानगी लेखी घ्या.

प्रकाशनाची तारीख किमान चार आठवडे पुढची द्या. चुका याच काळात सापडतात.

तुमचा अल्बम अजून उतरला नसेल तर

तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात. जुनी कंपनी सोडायची आहे, पण गाणी अजून चालू आहेत, अशा वेळी आधी जुनी उतरवू नका. नव्या कंपनीकडून त्याच फाइल, तेच नंबर, तीच नावं घेऊन सगळं चढवा. काही दिवस अल्बम दोनदा दिसेल, दिसू दे. दोन्हीकडे प्लेचे आकडे सारखे दिसायला लागले की जुळणी झाली. मगच जुन्या कंपनीला उतरवायला सांगा. एका मैत्रिणीने जुनं आधी उतरवलं, नवं फॉर्ममधल्या चुकीमुळे तीन आठवडे अडकलं आणि ते नेमके गणपतीचे दिवस होते. तिचा अल्बम आरत्यांचा आहे.

चढल्यानंतर

आमचा ९ नोव्हेंबरला चढला. पावसाच्या गाण्याचे जुने आकडे पाचव्या दिवशी परत दिसले. दोन गाण्यांचे आले नाहीत, डिस्ट्रिब्युटरच्या मदत विभागाला दोन्ही नंबर लिहून पाठवल्यावर आले.

पहिल्या आठवड्यात स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स आणि ॲपल म्युझिक फॉर आर्टिस्ट्स या दोन्हींवर पानाचा ताबा घ्या. चुकून आलेली गाणी तिथून हटवायला सांगता येतात. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायची सोय अजून प्रकाशित न झालेल्या गाण्यांसाठी असते, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. गाण्याचे शब्द म्युझिक्समॅच या गीतांच्या संकेतस्थळावर देवनागरीत टाका. काकांच्या कवितेत कुणीतरी ऐकून 'मळभ'चं 'मलम' केलं होतं.

यूट्यूबचा कंटेंट आयडी (इतरांच्या व्हिडिओंत आपलं गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) या पर्यायावर टिक करण्याआधी विचार करा. गाण्यात तानपुऱ्याचा तयार लूप असेल, तर तोच लूप हजारोंनी वापरलेला असतो आणि तुमचा दावा त्यांच्या व्हिडिओंवर जाऊन बसतो. लूप असलेली दोन गाणी मी त्यातून वगळली.

आता पैसे. डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो फक्त रेकॉर्डिंगचा पैसा. शब्द आणि चालीचा पैसा वेगळ्या वाटेने येतो, तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हा वाटा कुणाला लिहून देऊन टाकता येत नाही, वारस आणि कॉपीराइट संस्था सोडून. वारसांनाही सभासद होता येतं. काकूंचा अर्ज मीच त्यांच्या ओट्यावर बसून भरला. सभासद झाल्यावर प्रत्येक गाण्याची नोंद करा, आयएसआरसीसकट, नाहीतर पैसा कुणाचा हे त्यांना कळणार नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्कांसाठी इसामरा ही वेगळी संस्था आहे.

डिस्ट्रिब्युटर अमेरिकी असेल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरून त्यात पॅन नंबर द्या. तो नसेल तर अमेरिकेतून आलेल्या रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जातो, दोन देशांच्या करारानुसार तो १५ टक्के होतो. आणि अपेक्षा माफक ठेवा. २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नाहीत, त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. आमची नऊपैकी चार गाणी त्या रेषेखाली आहेत.

शेवटी स्वतःसाठी एक एक्सेल फाइल करा: गाणं, आयएसआरसी, लांबी, स्पेलिंग, कोणाची सही कुठल्या फायलीत, मास्टर कुठे. तिची एक प्रत ईमेलवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक छापून सीडीच्या खोक्यात. वर्गणीसाठी आता कार्डावर भरवसा ठेवत नाही. नवं कालनिर्णय आलं की ९ नोव्हेंबरभोवती लाल पेनने गोल करतो. पहिल्या वर्षी बायकोने विचारलं होतं, "कुणाचा वाढदिवस आहे?"